कुंडीतला वाटाणा : दादासाहेब फाळके यांच्या प्रेरणेचा हिशेब

#इतिहास #धागा

१/
१९१२ साल. मुंबईत दादरच्या एका घरात कुंडीत वाटाणा पेरलेला आहे. कुंडीसमोर लंडनहून आणलेला एक लाकडी कॅमेरा उभा आहे. घरधनी ठरावीक वेळाने येतो, कॅमेऱ्याची मूठ किंचित फिरवून एकच चित्र टिपतो आणि निघून जातो. हा क्रम दिवसामागून दिवस चालतो. शेजाऱ्यांना हा माणूस भ्रमिष्ट वाटला असल्यास नवल नाही. वय बेचाळीस, नोकरी नाही, छापखाना सुटलेला, घरात मुलेबाळे. आणि हा गृहस्थ वाटाणा उगवण्याची वाट पाहत बसलेला!

२/
हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब. त्यांची गोष्ट आपण सारे शाळेपासून ऐकत आलो आहोत : ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला, प्रेरणा मिळाली, 'राजा हरिश्चंद्र' काढला. तीन वाक्यांत काम फत्ते. पण या तीन वाक्यांच्या मधल्या जागेत वीस-पंचवीस वर्षांची उमेदवारी, एक सागरी प्रवास, एका स्त्रीचे दागिने आणि हा वाटाणा दडलेला आहे. आजचा धागा त्या मधल्या जागेविषयी.

३/
आरंभापासून पाहू. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. घराणे शास्त्री-पंडितांचे, वडील संस्कृतचे जाणकार. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्यास प्रयाण आणि १८९० पासून तेथील कलाभवनात शिक्षण. कलाभवन ही सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उभी राहिलेली संस्था. कला आणि कारागिरी यांत तेथे भिंत नव्हती. छायाचित्रण, ठसे तयार करणे, रंगीत छपाई ही विद्या फाळक्यांनी तेथे हाताने काम करून आत्मसात केली.

४/
पुढची वर्षे खडतर गेली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. त्या दुःखातून बाहेर पडताना हा माणूस जादूचे प्रयोग शिकला आणि करूही लागला. जाहिरातीत नाव असे 'प्रोफेसर केळफा'. अक्षरे उलटी वाचून पाहा! गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही नोंद नाही. डोळ्यांना कसे आणि किती काळ फसवता येते, प्रेक्षक कुठे पाहतो आणि कुठे पाहत नाही, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले.

५/
१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वतीबाई झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. धाग्यात पुढे ते वारंवार येणार आहे. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून रुजू झाले. दगडी शिल्पांवर ऊन कसे पडते, खांबांच्या ओळी चौकटीत कशा बसवाव्यात, हे पोटासाठी करावयाचे काम होते. स्वदेशीच्या वाऱ्यात, १९०६ च्या सुमारास, त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली.

६/
आता एका दुसऱ्या कलावंताकडे वळू, कारण त्याच्यावाचून फाळक्यांची गोष्ट अपुरी राहते. राजा रविवर्मा. सयाजीरावांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतावरील चौदा चित्रे करवून घेतली. त्या कामासाठी रविवर्मा उत्तर हिंदुस्थानात हिंडले. प्रश्न साधा, पण अवघड होता : प्रांतोप्रांती वेश निराळा, मग सीतेला आणि दमयंतीला नेसवायचे काय? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी प्रवास केला, माणसे पाहिली, नाटके पाहिली. आपल्या देवघरांत पुढे स्थिरावलेला देवदेवतांचा चेहरामोहरा अशा भटकंतीतून घडत गेला.

७/
१८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे छापलेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरी भिंतीवर लागल्या. या छापखान्यासाठी फाळक्यांनी ठशांचे आणि रंगस्थलांतराचे काम केले. एका चित्रासाठी रंगागणिक निराळा दगड लागे. एकेक थर अचूक जागी बसला, तरच देवीचा चेहरा उमटे. म्हणजे देवांची चित्रे घराघरांत पोहोचवणाऱ्या यंत्रावर या माणसाचे हात प्रत्यक्ष चाललेले होते.

८/
त्यानंतर त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला. १९०९ मध्ये यंत्रसामग्रीसाठी जर्मनीची वारी केली. छपाई नावाजली गेली. पण भागीदारांशी बिनसले आणि फाळके चालत्या धंद्यातून रित्या हाताने बाहेर पडले. चाळिशी गाठलेली. छायाचित्रण, जादू, पुरातत्त्व, शिळाछाप अशा चार वाटा चालून झालेल्या आणि एकही वाट मुक्कामाला पोहोचलेली नाही. त्या वेळी कोणी पाहिले असते, तर 'धरसोड माणूस' असाच शेरा मारला असता.

९/
अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखांत त्यांनी त्या संध्याकाळविषयी लिहिले. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचा जीवनपट सरकत होता आणि मनात राम-कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असा त्याचा आशय. आपले देव आपल्या पडद्यावर आपल्या हातांनी कधी येतील, हा प्रश्न घेऊन ते घरी परतले.

१०/
येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारू. तो चित्रपट एकट्या फाळक्यांनी थोडाच पाहिला होता? मुंबईला हलती चित्रे नवी नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला होता. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, 'राजा हरिश्चंद्र'च्या सुमारे वर्षभर आधी, मुंबईत झळकला. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. या पूर्वसूरींचा मान ठेवूनच पुढे जायला हवे.

११/
मग फाळक्यांच्या बाबतीत वेगळे काय घडले? मला वाटते, त्या संध्याकाळी त्यांना पडद्यावर जे दिसले, त्याचे जवळजवळ सर्व भाग त्यांच्या हातांना आधीच परिचित होते. चित्र टिपणे ठाऊक, रसायनात धुणे ठाऊक, नजरबंदी ठाऊक, देवांचे वेश आणि चेहरे तर बोटांवर बसलेले. ठाऊक नव्हते ते एवढेच, की चित्राला चालवायचे कसे. इतर प्रेक्षकांनी चमत्कार पाहिला. फाळक्यांनी बरेचसे ओळखीचे आणि थोडेसे अनोळखी असे एक काम पाहिले.

१२/
चित्रपट पुन्हा पाहायला गेले तेव्हा सरस्वतीबाई सोबत होत्या. घरात पैशांची चणचण इतकी, की त्यासाठीही उसनवारी करावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. खेळ संपल्यावर फाळक्यांनी पत्नीला ही किमया कशी होते ते समजावून सांगितले. ही लहानशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याला जे वेड लागले आहे, ते त्यांनी त्याच दिवशी घरातल्या माणसाच्या हवाली केले. पुढचे सारे ओझे दोघांनी मिळून उचलले.

१३/
त्यानंतरचे महिने म्हणजे शुद्ध अभ्यास. किरकोळ किमतीचा खेळण्यातला चित्रदर्शक, काही फितींचे तुकडे, मेणबत्ती आणि भिंग. रोज संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहायचे, रात्री भिंगाखाली फिती निरखायच्या, झोप नावालाच. या अट्टाहासाने डोळे सुजले आणि काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. ज्या डोळ्यांवर पुढचे सारे अवलंबून होते, तेच पहिल्या झटक्यात पणाला लागले होते.

१४/
पुस्तकी ज्ञान एका मर्यादेपर्यंतच पुरले. यंत्रे आणि प्रत्यक्ष कृती पाहायची तर विलायत गाठणे आले. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला निघाले. ओळखपाळख कोणाशी? कोणाशीच नाही. एक धागा मात्र होता. 'बायोस्कोप' नावाचे चित्रपटविषयक साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. लंडनच्या रस्त्यावर त्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली आणि ते थेट आत शिरले.

१५/
संपादकांनी आधी त्यांना परावृत्तच केले. या धंद्यात इंग्लंडातही लोक बुडत आहेत, हिंदुस्थानच्या हवेत तर हे साधणारच नाही, असे त्यांचे मत. पण समोरच्या माणसाची तयारी पाहून त्यांनी मदतीचा हात दिला आणि सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ हे ब्रिटिश चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. थेम्सकाठच्या वॉल्टन येथील त्यांच्या चित्रशाळेत फाळक्यांना कामाचे सर्व टप्पे जवळून पाहता आले.

१६/
येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. १९०५ मध्ये हेपवर्थ यांच्या संस्थेने हरवलेल्या बाळाला शोधून आणणाऱ्या कुत्र्याचा एक छोटा चित्रपट काढला होता आणि तो तुफान चालला. त्याची कथा हेपवर्थ यांच्या पत्नीने लिहिली, आईची भूमिका तिनेच केली, बाळ त्यांचे स्वतःचे, कुत्राही घरचाच. चित्रपट हा आरंभी असा घरगुती उद्योग होता. दादरच्या घरात वर्षभरात जे घडणार होते, त्याचे वॉल्टनचे हे भावंडच म्हणायचे.

१७/
साधारण दोन महिन्यांत फाळके परतले. सोबत विल्यमसन बनावटीचा कॅमेरा होता. फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोरी फीत यांचीही तजवीज झाली होती. आता हवे होते भांडवल. सावकाराला काय दाखवायचे? नट नाहीत, पोशाख नाहीत, चित्रशाळा नाही. तेव्हा त्यांनी घरात जे होते तेच निवडले : कुंडी, माती, पाणी आणि वाटाणा. धाग्याच्या आरंभी आपण पाहिले ते हेच दृश्य. या लघुपटाचे नाव 'अंकुराची वाढ'.

१८/
याचा हिशेब मांडून पाहा. त्या काळी साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे पडद्यावरून सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या चित्रपटाला ९६० चित्रे. ती महिनाभर पसरली तर रोज सरासरी ३२. ऊन बदलले, कुंडी बोटभर हलली, कॅमेऱ्याला धक्का लागला, तर सारा खेळ बिघडणार. महिन्याची वाढ मिनिटात दिसावी, यासाठी महिना मात्र पुरताच द्यावा लागतो. त्यात सवलत नाही.

१९/
बी फुटले, कोंब वर आला, वेल चढू लागली. हे सारे डोळ्यांदेखत, क्षणार्धात. हा लघुपट पाहून छायाचित्रण-साहित्याचा एक व्यापारी कर्ज द्यायला राजी झाला. मात्र त्याला तारण हवे होते. सरस्वतीबाईंचे दागिने तारण म्हणून गेले. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीधन म्हणजे अडीअडचणीचा शेवटचा आधार. एका वाटाण्याच्या वेलीवर विश्वास ठेवून त्यांनी तो आधार काढून दिला.

२०/
मग 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामती मात्र मिळेना. कोणतीही स्त्री कॅमेऱ्यासमोर यायला तयार होईना. ग्रँट रोडवरील एका खाणावळीत फाळक्यांना तेथील आचारी दिसला : नाजूक हात, सडपातळ बांधा. नाव अण्णा साळुंके. पगार महिना १० रुपये होता. फाळक्यांनी १५ देऊ केले. हिंदी चित्रसृष्टीची पहिली राणी अशी चुलीपुढून उठून आली! रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र.

२१/
आणि सरस्वतीबाई? साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे त्यांच्याकडे. रात्री अंधारात कोऱ्या फितीला कडेने छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फीत धुणे हेही त्यांच्याकडे. एका चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे लागतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. फूटभर फितीत सोळा चित्रे येतात. गुणाकार साडेचार लाख छिद्रांच्या पलीकडे जातो. दिवसाची चूल सांभाळून रात्री केलेले हे काम आहे.

२२/
सहा महिने सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. एखादा चित्रपट तीन-चार दिवसांत उतरत असे त्या काळात तो तेवीस दिवस चालला. लोकांना कथा पाठ होती. नवल होते ते याचे, की भिंतीवरच्या तसबिरीतले राजा-राणी आता चालत होते, रडत होते, मुलाला धनुर्विद्या शिकवत होते.

२३/
सगळीकडे मात्र असे स्वागत झाले नाही. सुरतेला प्रेक्षक येईनात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळत असताना तासाभराच्या खेळाला तीन आणे का मोजावेत? फाळके जाहिरातबाजीतही कच्चे नव्हते. त्यांनी ५७,००० छायाचित्रांचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात दिली आणि गर्दी लोटली. एकेक चित्र मोजून वाढवलेल्या वाटाण्याचाच हा हिशेब, आता बाजाराच्या भाषेत मांडलेला.

२४/
या चित्रपटाचा उपलब्ध भाग सवडीने अवश्य पाहा. राजा, राणी आणि राजपुत्र चौकटीत जसे उभे आहेत, त्यात रविवर्म्यांच्या तसबिरी दिसतील; हातवाऱ्यांत मराठी रंगभूमी दिसेल; ऋषींच्या चमत्कारांत प्रोफेसर केळफा डोकावतील. 'धरसोड' म्हणून गणली गेलेली सारी वर्षे त्या पडद्यावर एकत्र आली आहेत. त्यांतले एकही वाया गेलेले नाही.

२५/
पुढचा प्रवास थोडक्यात. नाशिकला मुक्काम हलवला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. 'लंका दहन' (१९१७) तुफान चालला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याच. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. घरच्या माणसांनी, घरच्या अंगणातून सुरू झालेले काम हळूहळू उद्योगात बदलले.

२६/
उद्योग वाढला तसे भागीदारांचे मतभेदही वाढले. फाळके काही काळ काशीस जाऊन राहिले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, पुन्हा परतले. बोलपटाच्या युगात मात्र त्यांचा सूर लागला नाही. १९३७ चा 'गंगावतरण' हा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी उभी केलेली चित्रसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. प्रेरणेच्या गोष्टी सांगताना हा शेवट गाळला जातो. तो गाळू नये.

२७/
कारण यश पुढे टिकले की नाही, यावरून त्या प्रेरणेचे मोल ठरत नाही. फाळक्यांना गवसलेल्या गोष्टी विलक्षण नव्हत्या : गिरगावातला एक खेळ, लंडनच्या रस्त्यावरची एक पाटी, खाणावळीतला एक आचारी, कुंडीतला एक वाटाणा. हे सारे इतरांच्याही नजरेसमोर होते. फाळक्यांनी त्यांतल्या प्रत्येकाला आपल्या कामात जागा दिली आणि त्या जागेची किंमतही मोजली. त्या किमतीतला मोठा वाटा सरस्वतीबाईंनी उचलला. 'पहिला भारतीय चित्रपट कोणी काढला?' या प्रश्नाचे उत्तर देताना निदान मनात तरी दोन नावे घ्यावीत.

२८/
तुमच्यापैकी कोणी चित्र काढत असेल, लिहीत असेल, मोबाइलवर लघुपट करत असेल आणि 'सुचत नाही' म्हणून थांबले असेल, तर एवढे करून पाहा. खिडकीत एक कुंडी ठेवा, वाटाणा पेरा आणि रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून एक छायाचित्र घ्या. महिन्याने ती सलग फिरवून पाहा. दादरच्या त्या घरात कोंब वर येताना पाहणाऱ्या त्या दोघांना काय वाटले असेल, त्याचा थोडा अंदाज येईल.

धागा समाप्त. आपल्या आजोळी वा गावी जुन्या चित्रपटगृहांच्या, तंबूतल्या खेळांच्या आठवणी असतील, तर खाली जरूर लिहा.